लाल दिव्याचा बंदोबस्त

३ मार्च, सकाळ
व्हॅनच्या डॅशबोर्डवर तेलाच्या किटलीचा लाल दिवा लागतोय, अशी बायकोची तक्रार. लाँड्री तिची, हॉस्पिटलच्या चादरी पोचवायचं काम तिचं. माझी नोकरी सुटल्यापासून टेक्निकल खातं माझ्याकडे. तेल पाहिलं. भरपूर. म्हणजे इंजिन ठणठणीत, ऑइल प्रेशर सेन्सर बिघडलाय. चहा निवायच्या आत निदान झालं. शनिवारी स्वतः बदलणार.

८ मार्च
बदलला. वस्तू अंगठ्याएवढी, पण ऑइल फिल्टरच्या मागे अशी दडलेली की हात आत जातो, बाहेर येत नाही. बोटं सोलली. दिवा चालूच. नवा सेन्सरच खराब निघाला. हल्ली माल असलाच येतो.
मेकॅनिक म्हणे, सेन्सरच्या जागी मीटर लावून खरं प्रेशर बघा, तोवर गाडी काढू नका. याला गिऱ्हाईक हवंय.

११ मार्च
आणखी एक सेन्सर. आता दिवा फक्त गाडी उभी असताना लागतो. स्पष्ट सुधारणा.

१४ मार्च
बायकोने सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. सासूबाईंना दाराची बेलसुद्धा ऐकू येत नाही. उतरल्यावर मला म्हणाल्या, "जावईबापू, या गाडीत कुणीतरी आतून दार ठोठावतंय."
मी हसलो. एकटाच.

१५ मार्च
ठोठावतंय खरं. चढावर जास्त. एखादा पत्रा सैल असेल. रेडिओ दुरुस्त केला. आता काही ऐकू येत नाही.

१७ मार्च
सुचलंच शेवटी! सेन्सरची वायरच काढून टाकली. दिवा गुल. इतकं सोपं होतं.
बायकोने विचारलं, "नक्की ना? उद्या टेकडीपलीकडच्या हॉस्पिटलला जायचंय. उतार फार आहे."
म्हटलं, डोळे मिटून जा. ती उघड्या डोळ्यांनी बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. कौतुक असावं.

१८ मार्च, दुपार
फोन उचलत नाही. गाडी चालवताना उचलूच नये. शिस्तीची आहे.

तोच दिवस, चार वाजता
रेंज नसेल.

तोच दिवस, संध्याकाळ
आली. टोइंगच्या ट्रकमधून. उतारावर इंजिन जाम झालं, स्टीअरिंग दगडासारखं घट्ट. ब्रेकवर दोन्ही पाय देऊन उभी राहिली, तेव्हा कुठे व्हॅन कठड्याला घासत थांबली. कठड्यापुढे काय होतं, विचारलं. म्हणाली, काही नव्हतं.
लागलं कुठेच नाही. पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरला होता, तरी निम्मं पाणी सांडलं. पेला काठोकाठ भरायला नको होता.

२२ मार्च
मेकॅनिकने इंजिन उघडलं. ऑइल पंप पार झिजलेला. तेल होतं, पण वर चढतच नव्हतं. जुना धरून तिन्ही सेन्सर खरं सांगत होते.
म्हणजे माझ्या फिटिंगमध्ये एकही चूक नव्हती! हे ताबडतोब बायकोला सांगायला गेलो. ती चादरींच्या घड्या घालत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पुढची चादर उचलली. मी चादरीचं दुसरं टोक धरायला हात पुढे केला.
तिने ते सासूबाईंकडे दिलं.