तिसरा रकाना

४ फेब्रुवारी, मंगळवार

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पोरीला झोपू द्यायची भीती वाटत होती. डोक्याला मार लागला की एकदम गाढ झोपू द्यायचं नाही, असं दादा म्हणायचा. माझा भाऊ अँब्युलन्स चालवतो, त्याला माहीत. म्हणून सारखी हलवून उठवत होते. "ही बोटं किती?" शेवटी वैतागली. "आई, तुला मोजता येत नाही का? तीनच आहेत!" तेव्हा जरा जीव भांड्यात पडला.

कपाटाचा कोपरा लागला. ह्यांनी ढकललं. इथे खरं लिहायचं ठरवलंय.

काल डॉक्टरीणबाईंनी सांगितलं — एडीएचडी. लक्ष ठरत नाही, हातपाय आवरत नाहीत, मनात आलं की करून मोकळी. "मुद्दाम नाही करत ती. तिच्या मेंदूची ठेवणच तशी आहे. औषध आहे, घाबरू नका." मी मान हलवत होते.  घरी आलो. ह्यांनी दाराला कडी लावली आणि मग — "माझ्या पोरीला वेडी ठरवतात!" भिंगरी तेव्हा पलंगावरून उड्या मारत होती. सात वर्षांची आहे, घरात तिला भिंगरीच म्हणतो. तिला वाटलं, बाबा खेळायला आले.

डॉक्टरीणबाईंनी वही दिलीय. तीन रकाने आखायचे. आधी काय झालं. पोरीने काय केलं. मग काय झालं. रोज लिहायचं. १८ तारखेला वही बघून औषधाचं नक्की करणार, दोघांनी यायचं. ती वही हे रोज संध्याकाळी बघणार म्हणाले. म्हणून ही दुसरी. तिची गेल्या वर्षीची गणिताची वही, मागची पानं कोरी आहेत. लाँड्रीत माझ्या इस्त्रीच्या टेबलाखाली ठेवते, चादरींच्या गठ्ठ्यात. जेवणाच्या सुट्टीत लिहीन. चुका काढायला कोणी नाही!

५ फेब्रुवारी, बुधवार

डॉक्टरांच्या वहीत लिहिलं. आधी — उड्या मारत होती. केलं — पडली. मग — डोक्याला टेंगूळ.

ह्यांनी वाचलं. म्हणाले, "अक्षर बरं आहे तुझं."

७ फेब्रुवारी, शुक्रवार

काल लाँड्रीच्या फोनवर शाळेतून बोलावणं. हातातली इस्त्री ठेवून तशीच पळाले. वर्गात भिंगरीने स्टूल फेकलं होतं. एका पोराच्या नडगीला लागलं, रक्त आलं. वर्गाच्या बाई म्हणाल्या, "तिला विचारलं का फेकलंस, तर म्हणते, मी नाही, हातानेच फेकलं! आता हाताला शिक्षा करू का मी?" बाकीच्या बायांना हसू आलं. मला नाही.

वाटेत तिला विचारलं. म्हणाली, तो पोरगा तिला 'स्क्रू ढिला' म्हणाला. मग म्हणाली, "आई, माझ्या पायांना सांग ना गप्प बसायला. माझं ऐकतच नाहीत."

घरी ह्यांना आधीच कळलं होतं. बाईंनी त्यांनाही फोन केला होता. पट्टा हातातच होता. पाठीवर चार. मी मध्ये गेले, दोन मला.

डॉक्टरांच्या वहीत — जिन्यावरून पडली.

८ फेब्रुवारी, शनिवार

डॉक्टरीणबाईंनी एक फॉर्मही दिलाय. त्यात एक प्रश्न — घरात अजून कोणी लहानपणी असं होतं का? मी मूर्ख. काल रात्री जेवता जेवता विचारलं. ह्यांच्या आईकडून ऐकलं होतं ना, की हे लहानपणी एका जागी बसायचेच नाहीत, बाप खांबाला बांधून ठेवायचा.

ताट भिंतीवर गेलं.

"मला? मला म्हणतेस?" केस धरून मला ओट्यापर्यंत ओढत नेलं. "बापाने पट्ट्याने सरळ केलं मला! झालो ना सरळ? घेतली का मी गोळी?" स्वयंपाकघराच्या खिडकीवर मूठ मारली. काच खळ्ळकन खाली. भिंगरी टाळ्या वाजवायला लागली, मग माझं तोंड बघून थांबली.

आज सकाळी नवी काच घेऊन आले. काचेच्या दुकानातच कामाला आहेत, हात सुंदर चालतो. काच कापायची हिरकणी एकदाच ओढतात, काच कापडासारखी फाटते. लांबी भिंगरीला मोजायला लावली. तिने बरोबर मोजली. तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मी बघत उभी. हेच हात!

फॉर्मवर त्या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज मी मारलं.

एक बूट सापडेना. सात वेळा सांगितलं, शोध. सातही वेळा गेली आणि दुसरंच काही घेऊन आली. पेन्सिल. झाकण. मेलेला मुंगळा. मला उशीर होत होता, मुकादम दारातच उभा असतो. तारेचा हँगर हाताला लागला. किती मारले माहीत नाही. थांबले तेव्हा हँगर वाकडा झाला होता. ती रडलीच नाही. म्हणाली, "झालं का?"

बूट माझ्याच पिशवीत होता.

डॉक्टरांच्या वहीत तेव्हाच लिहिलं — सायकलवरून पडली. आमच्याकडे सायकल नाही. हे निघता निघता वाचून म्हणाले, "सायकल कुठली गं?" आणि हसले. मीही हसले. काय बाई आहे मी!

११ फेब्रुवारी, मंगळवार

मधली तपासणी. हे सोबत, माझ्या शेजारच्या खुर्चीवर.

डॉक्टरीणबाईंनी वही मोठ्याने वाचली. "पडली. पडली. जिन्यावरून पडली. बाथरूममध्ये पडली. आठवड्यात सहा वेळा?" चष्मा काढला. भिंगरीला एका पायावर उभं केलं, रेघेवरून चालवलं. छान चालली. मग आमच्याकडे बघून विचारलं, "घरात कोणी मारतं का तिला?"

ह्यांचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला. हळूच.

मी म्हटलं, "छे हो! एकुलती एक आहे."

भिंगरी टेबलावरचा शिक्का स्वतःच्या हातावर मारत होती.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतकी धोक्यात जात असेल तर नुसत्या सकाळच्या गोळीवर भागेल असं वाटत नाही. अजून एक औषध जोडावं लागेल, शांत करणारं. सुस्ती येईल, वजन वाढेल, रक्त तपासत राहावं लागेल. "पण जीव महत्त्वाचा. पुढच्या मंगळवारी ठरवू."

 ते औषध माझ्या खोट्या अक्षरावर ठरत होतं! तोंड उघडलं. ह्यांनी माझी पिशवी उचलली. "चला, उशीर होतोय बाईंना."

१२ फेब्रुवारी, बुधवार

शेजारच्या टेबलावरच्या मावशी सगळ्यांची बातमी ठेवतात. माझ्या मनगटाकडे बघून म्हणाल्या, "इस्त्री चावली वाटतं? आमच्या काळी इस्त्रीला पाच बोटं नव्हती!" मी बाही खाली ओढली.

मग हळूच म्हणाल्या, "भावाला कळव की."

कशी कळवू? फोन ह्यांच्याकडे असतो. आणि दादाला मीच दोन वर्षांपूर्वी दारातून परत पाठवलं. माझा ओठ फुटला होता, तो न्यायला आला होता. मी म्हटलं, माझ्या संसारात नाक खुपसू नको. तो पायरी उतरता उतरता म्हणाला, "ठीक आहे. तू बोलावशील तेव्हा येईन. मध्यरात्री बोलाव. पण आता तू बोलावल्याशिवाय नाही."

मावशींनी त्यांचा फोन पुढे केला. मी घेतला नाही.  म्हटलं, चादरी थंड होतायत.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

हे दोन दिवस नाहीत! नव्या इमारतीला काचा बसवायला गेलेत, रविवारी येणार. घर किती मोठं वाटतंय. म्हणून ही वही घरी आणलीय.

१५ फेब्रुवारी, शनिवार

काल आणि आज खरंखरं बघून लिहिलं. दूध दोनदा सांडलं. नळ उघडा ठेवला. एक बेरीज करायला घेतली आणि खुर्ची उलटी करून जहाज केलं. अंघोळीला गेली, कोरडीच बाहेर आली, अंघोळ करायची विसरली! बोलताना श्वास घेत नाही. पडद्याला लोंबकळली, पडदा दांड्यासकट खाली.

पण पडली नाही. दोन दिवसांत एकदाही नाही.

संध्याकाळी मी कपाटाच्या वरचा डबा काढायला हात वर केला. ती खाली बसून चित्र काढत होती. दोन्ही हात डोक्यावर घेऊन गोळा झाली. मी फक्त डबा काढत होते.

ओट्यापाशी बसून दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. ह्या वहीतलं त्या तीन रकान्यांत घालून बघितलं. तिसऱ्यात सगळीकडे मार. आणि मार खाल्ला की दुसऱ्या दिवशी ती जास्त बिथरते, म्हणजे पहिल्या रकान्यातही मार. सांडणं, विसरणं, धावणं — तो तिचा आजार, त्याला सकाळची गोळी देईन. नक्की देईन. लोक म्हणतात गोळीने पोर दगड होते, म्हणू दे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तसं होत नाही, झालं तर सांगा, बदलू. पण पडण्याला औषध कशाला? ते आमचं आहे. ह्यांचं आणि माझं.

हँगर सगळे कचऱ्यात टाकले. कपडे खुंटीला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

हात नीट चालत नाहीये. तरी लिहिते.

काल दुपारी हे आले. एका गिऱ्हाईकाचा आरसा घरी आणला होता, कडा घासायच्या होत्या. मी सांगितलं, बाहेरच्या खोलीत ठेवू नका. भिंगरी बाबा आले म्हणून धावत आली आणि धावतच राहिली. आरसा खाली.

मला वाटलं पट्टा काढणार. नाही काढला. बूट न काढता हळू चालत आला. तिला काखेत धरून उचललं आणि त्या काचांच्या मधोमध उभं केलं. अनवाणी.

"हल आता! बघू कशी हलतेस!"

मी ओरडले. माझा दंड पिरगाळून मला भिंतीला दाबून धरलं. "गप्प. गोळीशिवाय उभी राहते का बघायचंय मला."

ती उभी राहिली. माझी भिंगरी! पोटऱ्या थडथड उडत होत्या. मुठी आवळलेल्या. ओठ आत घेतलेला. माझ्याकडे बघत होती, पापणीही हलवत नव्हती. किती वेळ — माहीत नाही. डाव्या टाचेखाली लाल व्हायला लागलं. पसरायला लागलं. तरी उभी.

मी त्याच्या हाताला चावले. तोंडात रक्त आलं तरी सोडलं नाही. सुटले, तशीच काचांत गेले आणि तिला उचललं. माझे तळवे फाटले ते मला नंतर कळलं. तिने माझ्या कानात विचारलं, "जमलं ना मला?"

तो हसत होता. हात झटकत हसत होता. "बघितलंस? राहिली ना उभी! आजार-बिजार काही नाही. आणि असलाच तर ते दुसरं औषध दे म्हणावं. दोन दे, चार दे, एकदाची गप्प पडू दे."

मग डॉक्टरांची वही आणली, पेन माझ्या बोटांत दिलं आणि सांगत गेला. लिही — आरसा फोडला. लिही — काचेवर नाचली. मी लिहिलं.

आज लंगडत कामाला आले. मावशींनी पाय बघितले आणि काही विनोद केला नाही. गठ्ठे बांधायचा खाकी कागद मागितला. त्यांनी लगेच फाडून दिला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरीणबाई, तुमच्या वहीसारखंच खाकी कव्हर ह्या वहीला घातलंय. तो माझ्या शेजारी बसलेला असेल, म्हणून मोठ्याने वाचू नका. मला काही विचारू नका, मी नाहीच म्हणेन. तिला तपासायला म्हणून आत न्या, मोजे काढा, पाठ बघा. हँगरचे वळ माझे आहेत. सकाळची गोळी द्या, दुसरी नको. आम्हाला त्याच्याबरोबर घरी पाठवू नका. ज्या कोणाच्या हातात ही वही पडेल त्यांनी माझ्या भावाला फोन करा, नंबर शेवटच्या पानावर आहे. त्याला एवढंच सांगा — तिने बोलावलंय.