'मुलगी मिळाली' म्हणून बंद केलेली फाईल उघडण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
हरवलेली बालके शोध व मानवी तस्करी प्रतिबंध कक्ष,
दुसरा मजला, खोली क्र. ७

विषय : माझ्या मुलीची बंद केलेली फाईल जुन्याच तारखेने उघडणे व तिच्या नावावर मिळालेल्या मुलीचा जबाब घेणे.
संदर्भ : आपल्या कक्षाची तीन उत्तरे, शेवटचे दि. १६ जूनचे.

महोदय,

मी कपड्यांच्या कारखान्यात काजे-बटणाच्या टेबलावर काम करते. बालकांची नावे अर्जात लिहू नयेत, अशी सूचना आपल्या खिडकीवर आहे. म्हणून खाली माझ्या मुलीला 'माझी मुलगी' आणि सध्या माझ्या घरी असलेल्या दुसरीला 'ही मुलगी' म्हटले आहे. दोघींत गल्लत होऊ नये, कारण ती एकदा झालेली आहे.

१. माझी मुलगी तीन वर्षांपूर्वी ३ ऑक्टोबरला शिवणक्लासला गेली, ती परत आली नाही. वय पंधरा वर्षे तीन महिने. पार्लरमध्ये नोकरी लावून देते म्हणणारी एक बाई क्लासच्या दाराशी यायची, एवढेच कळले. तक्रार मी त्याच दिवशी दिली.

२. गेल्या ९ नोव्हेंबरला आपल्या कक्षाने एका लॉजवर छापा घालून सहा मुली सोडवल्या. त्याबद्दल मी ऋणी आहे. हे टोमणा म्हणून लिहीत नाही. त्यांतल्या एकीने माझ्या मुलीचे नाव, माझे नाव आणि घराचा पत्ता सांगितला. डॉक्टरांनी हाडे तपासून वय 'पंधरा ते अठरा' लिहिले. आपला 'शोध पंधरवडा' संपत आला होता आणि फलकावर शंभरापैकी आकडा सत्त्याण्णव होता. पडताळणी मुली पालकांना सोपवण्याच्या कार्यक्रमानंतर करू, असे ठरले.

३. १८ नोव्हेंबरला सभागृहात 'मुलगी मिळाली'च्या पावतीवर माझी सही आधी घेतली, मग मुलगी दाखवली. दाखवली म्हणजे नियमाप्रमाणे चेहरा ओढणीने पुरता झाकलेला. प्रमुख पाहुण्यांनी तिचा हात माझ्या हातात दिला, टाळ्या पडल्या. माझ्या मुलीच्या उजव्या अंगठ्यावर इस्त्रीचा डाग आहे. या अंगठ्यावर नव्हता. मी तिथेच तसे म्हणाले, पण लाऊडस्पीकर चालू होता. महिला शिपाई मला पडद्यामागे घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "मावशी, दोन वर्षांत पोरी ओळखू येत नाहीत. घरी न्या, पोटभर जेवू घाला, आपोआप ओळख पटेल." ओढणी काढल्यावर या मुलीने माझी बाही घट्ट धरली. "काकू, मला चुलत्याकडे पाठवू नका. त्यानंच विकलंय मला." मी तिला घरी आणले.

४. तिसऱ्या दिवशी ती बोलली. ती आणि माझी मुलगी अकरा महिने एकाच खोलीत होत्या. माझ्या मुलीने तिला सांगून ठेवले होते, "तू सुटलीस तर माझं नाव सांग. आई दारातून परत पाठवायची नाही." छाप्याच्या तीन दिवस आधी माझ्या मुलीला गाडीत घालून दुसरीकडे नेले. त्या गावाचे नाव आणि नेणाऱ्या माणसाचे टोपणनाव या मुलीने ऐकले आहे. हे सर्व लिहून मी २७ नोव्हेंबरला पहिला अर्ज दिला.

५. पहिले उत्तर दोन महिन्यांनी आले : 'अर्जदारास मुलगी मिळाली असल्याने अर्ज निकाली.' मी पुन्हा अर्ज करून या मुलीचा जबाब घ्या म्हणाले. उत्तर आले : 'अभिलेखानुसार सदर मुलगी हीच बेपत्ता मुलगी असल्याने तिला स्वतःच्याच ठावठिकाण्याबाबत साक्षीदार मानता येत नाही.' खिडकीवरचे कारकून म्हणाले, "बाई, लोक पोरगी मिळत नाही म्हणून रडतात, तुम्ही मिळाली म्हणून. एका फाईलीत दोन पोरी कशा बसवू?" मी म्हणाले, "भाऊ, एक माझ्या घरात बसलीय. दुसरीला शोधा." रांगेतले लोक हसले. कारकूनही हसले. अर्ज मात्र तसाच राहिला.

६. तिसऱ्या उत्तरात लिहिले आहे, की मुलगी माझी नसल्यास ती परत करावी. तिला जवळच्या नातेवाइकाकडे सोपवण्यात येईल. जवळचा नातेवाईक म्हणजे तो चुलता. माझ्या मुलीसाठी मी आजच्या तारखेची नवी तक्रार द्यावी. त्यासाठी मुलगी परत केल्याचा दाखला लागेल, आणि दाखल्यास तीस दिवस. महोदय, ११ जुलैला माझी मुलगी अठरा वर्षांची होते. त्यानंतरची तक्रार सज्ञान बेपत्तांच्या वहीत जाते, आणि त्या वहीच्या पानावर 'स्वखुशीने गेल्याची शक्यता' हे आधीच छापलेले आहे. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी गत झाली आहे.

७. म्हणून विनंती, की जुनी फाईल ३ ऑक्टोबरच्याच तारखेने उघडावी. या मुलीचा जबाब महिला अधिकाऱ्यांनी याच आठवड्यात घ्यावा. तिला चुलत्याकडे देऊ नये. ती हरवल्याची तक्रार आजवर कुणीच दिलेली नाही. ती मी या अर्जाने देत आहे, म्हणजे तिची स्वतःच्या नावाची फाईल होईल.

८. आपल्या उत्तरात शेवटी इशारा आहे, की खोटी ओळख दिल्याबद्दल माझ्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो. तो दाखल करावा. मी तो या अर्जात लेखी कबूल करते. मात्र गुन्हा नोंदवताना आपल्याला प्रथम लिहावे लागेल, की ही मुलगी माझी नाही आणि माझी अजून मिळालेली नाही. तेवढी एक ओळ लिहून झाली, की मला केव्हाही बोलवा. मी डबा घेऊनच येईन.

आपल्या त्या एका ओळीची वाट पाहणारी,
अर्जदार (सही)
दि. २४ जून

सोबत :
१. आपल्या तीन उत्तरांच्या प्रती.
२. या मुलीने सांगितलेले गावाचे व माणसाचे नाव, बंद पाकिटात.
३. माझ्या मुलीचे वर्णन, दुरुस्तीसह. फाईलीत उंची चार फूट नऊ इंच आहे. माझी मुलगी आता कुठवर येते, ते या मुलीने आमच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खूण करून दाखवले. ती खूण मी टेपने मोजली. आता पाच फूट दोन इंच लिहावे.