जेटमधली फुंकर

६ ऑक्टोबर
नोकरी पक्की झाली. मालकांनी आज सकाळी स्वतः सांगितलं, गॅरेजच्या वरच्या दोन खोल्यांची किल्ली हातात ठेवली आणि सामान चढवायला हातही लावला. सत्तरी ओलांडलेला माणूस आमची ट्रंक खांद्यावर घेऊन जिना धावत चढला. मागून मी, गादीची वळकटी सांभाळत. बायको म्हणाली, यात मालक कोण आणि हमाल कोण तेच कळेना.

खोल्या हवेशीर आहेत. एका खिडकीतून गॅरेजचं अंगण आणि समोरचं घर दिसतं, दुसरीतून शाळेचं फाटक. आमच्या मुलीला घरात सगळे भोंगा म्हणतात, कारण ती जन्मली तेव्हा तिच्या पहिल्याच रडण्याने नर्सने कान झाकले होते. भोंग्याने आल्या आल्या रिकाम्या खोलीत ओरडून आवाज किती घुमतो ते तपासून घेतलं. खालून मालक हसले. पोरीची छाती चांगली आहे, म्हणाले.

७ ऑक्टोबर
पहिलं काम मालकांच्याच गाडीचं. त्यांच्या वडिलांची जुनी काळी गाडी. दार लावलं की जाड पुस्तक मिटल्यासारखा आवाज येतो. तक्रार साधी. चांगली चालते, आणि मध्येच आचके देऊन बंद पडते. दुरुस्त केली की काही दिवसांनी पुन्हा तेच. आधीच्या मेकॅनिकने तिच्यापायीच काम सोडलं म्हणे. तो समोरच्याच घराच्या दारात खुर्ची टाकून बसलेला असतो. दम्याने बेजार आहे, असं मालकांनी सांगितलं.

कार्बोरेटर उतरवला. तळाच्या वाटीत ना गाळ, ना पाणी. जेट मात्र बुजलेलं. (जेट म्हणजे पितळेचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. त्यातल्या केसाएवढ्या भोकातून पेट्रोल जातं. हे बायकोसाठी लिहितो आहे, ती ही वही चोरून वाचते.) गॅरेजचा कॉम्प्रेसर बिघडलेला. मला त्याची गरजही नाही. माझ्या उस्तादांची शिकवण अशी की जेटमध्ये तार घालायची नाही, भोक मोठं होतं. ओठांत धरायचं आणि फुंकायचं. मोकळं झालं की नाही ते जीभ सांगते.

फुंकलं. गाडी पहिल्याच किल्लीला लागली आणि अशी एकसारखी चालू राहिली की बॉनेटवर भरलेला पेला ठेवला तरी पाणी हललं नसतं. समोरचा मेकॅनिक खुर्चीतून उठून उभा राहिला होता. तो रडतो आहे असं वाटलं, पण लांबून नीट दिसलं नाही.

१३ ऑक्टोबर
गाडी पुन्हा बंद, आणि पुन्हा जेटच. पेट्रोलचा फिल्टर नवा घातला, टाकी धुतली, पंप उघडून पाहिला, फ्लोटची पातळी लावली. कुठून फालतू हवा खेचते का बघायला सांध्यांना साबणाचा फेस लावला. नाही. मळ येतो कुठून ते समजत नाही. मळ म्हणावा असं काही नसतंच. भोकात एक दमट, पांढुरका पापुद्रा असतो, थंडीत काचेवर श्वास जमतो तसा. फुंकला की जातो.

मालक खुशीत. गाडीतून फेरफटका मारून आले आणि गॅरेजभर गात हिंडले. शाळा सुटली की भोंगा माझ्याजवळ स्टुलावर येऊन बसते. फुंकताना माझे गाल फुगतात, त्याची नक्कल करते.

१९ ऑक्टोबर
नवं जेट घातलं, तेही बुजलं. मग भंगारातून दुसरा अख्खा कार्बोरेटर आणून बसवला. त्याची तीच गत. म्हणजे दोष कार्बोरेटरमध्ये नाही. मग कशात?

आज जिन्याच्या वळणावर थांबावं लागलं. भोंग्याने पुढे जाऊन आईला जाहीर केलं की बाबा म्हातारा झाला. हसलो, तर खोकल्याची उबळ आली.

२४ ऑक्टोबर
डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. स्वच्छ आहे. पेट्रोलच्या वाफांपासून जपा, म्हणाले.

त्यांना एक गोष्ट सांगितली नाही. काल मालक गाडी घेऊन लांब गेले होते. मी इथे प्लग घासत होतो. एकाएकी छातीला आचके बसू लागले, थांबून थांबून, मग श्वासच अडकला. पाठोपाठ मालकांचा फोन, गाडी रस्त्यात बंद पडली. जाऊन जेट फुंकलं. गाडी लागली आणि माझी छातीही सुटली. पण पूर्वीइतकी नाही. दर वेळी थोडी कमीच सुटते.

२७ ऑक्टोबर
पायपंपाने जेटमध्ये हवा मारली. भोक लख्ख. गाडी ढिम्म. तोंडाने फुंकलं तेव्हा लागली. मालकांना म्हटलं, एकदा तुम्ही फुंकून बघा. ते हसले, रुमालाने ओठ पुसले आणि निघून गेले.

समोर गेलो. दम्याने बेजार माणूस अंगणात लाकडं फोडत होता. मला बघून त्याने कुऱ्हाड खाली ठेवली.

"मला वाटलं, तू हवेचा झोत मारशील," तो म्हणाला. "आता तोंडाने कोण फुंकतं?"

मग त्याने सांगितलं. ती गाडी फुंकणाऱ्याच्या दमावर चालते, आणि ती चालते तोवर मालकांना दम पुरतो. दुसऱ्या कुणी फुंकलं की आधीचा सुटतो. मी फुंकलं, तो सुटला. मी म्हटलं, मोडून टाकतो तिला. त्याच्या आधीच्या माणसाने बॉनेट उघडून हातोडा घातला होता म्हणे, आणि पहिल्याच घावाला तोच कोसळला.

मी काही मागायच्या आतच तो म्हणाला, "माफ कर. पण मी पुन्हा नाही फुंकणार."

असा कसा माणूस. त्याच्या जागी मी असतो तर क्षणाचाही विचार केला नसता.

३० ऑक्टोबर
पळालो. तिघंही, बसने. शहराबाहेरच्या पुलावर श्वास बंद झाला. बायकोने ओरडून बस थांबवली, लोकांनी उतरवलं. मालक टेम्पोने मागोमाग आलेच. गाडी बंद पडली म्हणाले. जेट रुमालात बांधून आणलं होतं. रस्त्याच्या कडेला बसून फुंकलं आणि त्याच टेम्पोने परत आलो.

बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, आण इकडे, मी फुंकते. तिला भोंग्याची शपथ घातली.

२ नोव्हेंबर
आवाज गेला. पाटीवर लिहून बोलतो. भोंग्याला गंमत वाटते. ती अजून अक्षरं जुळवतेच आहे. आज म्हणाली, "बाबा, तुला कशाने बरं वाटतं ते मला माहीत आहे."

मोठ्या अक्षरांत लिहिलं, जेटला हात लावायचा नाही.

तिला 'जेट' तेवढं वाचता आलं. बोट ठेवून दाखवलं, शाबासकी मागितली. बायकोने बाकीचं वाचून दाखवलं. भोंग्याने मान हलवली खरी —

४ नोव्हेंबर
सकाळपासून गाडी बंद. जेट ओठांत धरतो, गाल फुगतात, पुढे वाराच नाही — मालक दोनदा येऊन गेले. कठड्याला धरून चढत होते. घाई नाही म्हणाले. जाताना भोंग्याच्या डोक्यावरून हात —

बायको डॉक्टरांना आणायला गेली.

दुपार
जेट उशाशी होतं. नाही. भोंगाही —

उठवत नाही. हाक निघत नाही. पाटी आपटली, फुटली.

खाली मालकांचा आवाज. समजावताहेत. हळू, लाडाने — ती विचारते, मग बाबा नक्की बरा होईल ना —

पेला खिडकीतून फेकला. समोरच्याने वर पाहिलं. सगळं कळलं त्याला. आत गेला. दार लावून —

छाती सुटली.

एकदम. तळापर्यंत. खाली इंजिन लागलं आहे, एकसारखं. मालक गाताहेत.

भोंगा धावत जिना चढते आहे, बाबा, बाबा — वळणावर थांबली. खोकते आहे.

खाली जायला हवं. जेट काढून फुंकायचं, बस, एवढंच. ती सुटेल. जातो. किती दिवसांनी ही हवा — थंड, गोड, पोटापर्यंत — आत्ता उठतो. गाडी आणखी काही दिवस तरी चालेल, मग बंद पडेल, तेव्हा भोंग्याच्या आधी मी — नाही, आत्ताच. उठतो. एकच श्वास घेऊन. अजून एक —