खुडूक कोंबडीखालची अकरा अंडी

आई, तू गेलीस त्याला नऊ वर्षं होत आली. आज लिहायला बसले ते एका अंड्यामुळे.

काल इथे खंडाळ्याला ग्रामसेविकाबाईंनी बायकांना जमवून अंडी पारखायला शिकवलं. पत्र्याच्या डब्यात कंदील ठेवायचा आणि डब्याच्या भोकावर अंडं धरायचं. कोंबडीखाली आठवडा काढलेल्या अंड्यात तांबड्या शिरा दिसतात. माझ्या हातातल्या अंड्यात काहीच नव्हतं. बाई म्हणाल्या, कोंबडा नसताना घातलेलं अंडं असंच रिकामं राहतं, कितीही उबवलं तरी. शेजारीण म्हणाली, "एवढं तर आमची म्हातारीबी सांगंल, बाई." सगळ्या हसल्या. मी ते अंडं पुन्हा पुन्हा भोकावर धरून पाहत राहिले.

चुलीपुढच्या राखेत बोटानं अक्षरं गिरवायला तूच मला शिकवलंस. चुकलं की पुसायचीस, रागवायची नाहीस. म्हणून तू सांगशील ते खरं, असं मला वाटायचं. तेरा वर्षांची होते मी. आजी महिनाभर सांगलीला आत्याकडे गेली होती. पहिल्याच आठवड्यात मामा जतहून आला, आणि घरात डाळीशिवाय काही नाही म्हणून तू आजीनं म्हसोबाला बोललेला कोंबडा कापलास. पिसं आपण दोघींनी उकिरड्यात पुरली. आजी यायच्या आदल्या दिवशी मला समोर बसवून म्हणालीस, "मुंगसानं कालच नेला म्हणायचं. मीबी तसंच सांगनार हाय." मी तसंच सांगितलं.

काळी कोंबडी खुडूक झाली होती. आजीनं मडक्यातली ताजी अकरा अंडी काढली, पाटीत भुसा घातला आणि तिला बसवलं. दाणापाणी माझ्याकडे दिलं. मधले चार दिवस मी बाहेरची होते, परसात पोत्यावर बसून. तेव्हा तू दाणा घातलास. एकवीस दिवस झाले, पंचवीस झाले, एकाही अंड्याला टोच पडली नाही. तोवर मला शाळेसाठी सांगलीला न्यायला आत्या आली होती. तू अंडी उकिरड्यावर नेलीस, मी मागेच होते. पहिलं फोडलंस. आत पाणी आणि पिवळा बलक, रक्ताची रेघसुद्धा नाही. बाकीची तू भराभर फोडून मातीआड केलीस. तिकडे आजी आत्याला म्हणत होती, मी आले त्याच्या आदल्या दिवसापर्यंत कोंबडा होता, मग अंडी वाया गेली कशी? तू पदराला हात पुसत पुढं झालीस. "सासूबाई, पोरगी बाहेरची हुती तवा हिची सावली पडली असंल."

आत्याच्या घरी विटाळ फार पाळायचे. तिनं मला खालीवर न्याहाळलं आणि एवढंच म्हणाली, "ल्हान हाय अजून. फुडच्या वर्षी बघू." एसटीत ती एकटीच चढली. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं.

त्याआधी तू अंथरुणाला खिळलीस. तीन महिने मी तुझे पाय चेपले. एका दुपारी मी रडत कबूल केलं, की बाहेर बसले होते त्या तिसऱ्या दिवशी कोंबडी धापा टाकत होती म्हणून मी खरंच तिच्याजवळ गेले होते, माझ्यामुळंच पिल्लं गेली. तू डोळे मिटूनच माझ्या डोक्यावरून हात फिरवलास. म्हणालीस, "जाऊ दे गं. चुकतं एकांद्या टायमाला."

सासूला घाबरून बोललीस, ते मला समजतं. आजीला घरात सगळेच भ्यायचे. शाळा गेली तेही मी कसंबसं पचवलं. पण त्या दुपारी घरात आपण दोघीच होतो. तुला नुसतं माझ्या कानात सांगायचं होतं, की ती अंडी कोंबड्यावाचून रिकामीच होती. माझी माफी तू घेतलीस तरी कशी, आई?

हे मी कुणाला दाखवणार नाही. मघाशी शेजारीण दारात येऊन म्हणाली, तुमचीबी खुडूक बसलीया, चला, कंदिलापुढं धरून बघू. मी आज नको म्हणाले. आज माझा दुसरा दिवस आहे. सगळं कळूनही मी खुराड्याकडे पाठ करून बसले आहे.