तोफेवरची टिचकी

१२ तारीख

चि. सौ. धाकटीस, अ. उ. आ.

तीन बाजूंनी समुद्र आणि चौथीकडे दुकानं, अशा या टोकावर कालपासून आहे. लोक कड्यावर येतात, समुद्राकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढतात आणि काय सुंदर आहे म्हणत खाली उतरतात. लॉजच्या खोलीतून समुद्र दिसतो, असं मालक म्हणाला होता. दिसतो, न्हाणीघरातल्या स्टुलावर चढलं की.

आता तुझं काम. तुझ्या पोरीने पसंत केलेला मुलगा, म्हणजे इथला किल्ला दाखवणारा गाईड, पाहिला. तू सांगितल्याप्रमाणे ओळख न देता तिकीट काढून घोळक्यात शिरलो. आवाज चांगला, बाकी सगळं तोंडपाठ. बुरुजापाशी एक राणी, दीपगृहापाशी एक वादळ. शेवटी तोफ: म्हणे ओतीव पितळेची, तीनशे वर्षांची, एका गोळ्यात जहाज बुडवलेली. हे सगळं एका दमात. मी डोक्यावर पाटी घेऊन दारोदार भांडी विकली आहेत; गिऱ्हाइकाने मध्येच प्रश्न विचारू नये म्हणून एका दमात कसं बोलायचं, हे मला कुणी शिकवायला नको.

सवयीने तोफेवर टिचकी मारली. बद्द वाजली. जाळीवर प्लास्टर! पितळेला सर्दी झालेली दिसते, असं मी जरा मोठ्यानेच म्हणालो. लोक हसले. वाटलं, आता हा सारवासारव करील. तर पठ्ठ्याने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की खरी तोफ कधीच वितळवली, ही फोटोपुरती आहे, ऑफिसातल्या साहेबांच्या कागदावर पितळ लिहिलंय म्हणून तीन वर्षं पितळ म्हणतोय, आणि राणीचंही नक्की माहीत नाही. एका ढेरपोट्याने तिथल्या तिथे तक्रारवही मागितली.

तीन वर्षं खोटं बोलला म्हणजे लबाड, एका टिचकीत कबूल झाला म्हणजे बावळट. दोन्ही प्रकार आपल्या घरात पुरेसे आहेत. नकार कळव.

लोभ आहेच, तो माझी पत्रं वाचूनही टिकावा.

तुझा दादा

१५ तारीख

ती. दादास, शि. सा. न.

पाहायला पाठवलं होतं की ठोकायला? तुझ्या टिचकीने त्याची नोकरी गेली. त्याने पोरीला फोनवर सांगितलं, की एक मिशाळ म्हातारा करकरणारे बूट घालून आला होता, पण बरोबर बोलला. पोरीने बुटांवरून ओळखलं. कालपासून माझ्याशी अबोला आहे.

माझ्या सासरी पहिल्यांदा आलास तेव्हा चहाचा कप वाजवून पाहिला होतास. सासूबाई अजून काढतात. गाईड आहे म्हणून तो मला नकोच होता, आता तर धड गाईडही राहिला नाही. पण पोरीला हाच हवा. घरातला मोठा तू, शेवटचा शब्द तुझा. आता निस्तर.

रागातही आठवण काढणारी,
धाकटी

१९ तारीख

चि. सौ. धाकटीस, अ. उ. आ.

आधी त्याच्या साहेबांकडे गेलो. टेबलाएवढा माणूस, टेबलाएवढीच अक्कल. लोकांना खरं नको असतं, म्हणाला. तोफ पितळेचीच आहे, बोलण्यात माझी चूक झाली, एवढं पोराने लिहून दिलं तर परत घेतो. मजकूर टाइप करून तयार होता.

तो कागद घेऊन पोराच्या खोलीवर गेलो. मी मामा, हेही सांगितलं. म्हणालो, तोफ गेली खड्ड्यात, सही कर, लग्न महत्त्वाचं. त्याने कागद घडी करून माझ्याच खिशात घातला. बरं, मग माझ्या भांड्यांच्या दुकानात बस, म्हणालो. तर म्हणतो, तुमची भांडी चांगलीच असतील, पण सोमवारपासून होडीवर तिकिटं फाडायचं काम मिळालंय. मला, एवढ्या मोठ्या दुकानदाराला, तोंडावर नाही! असा उद्धट माणूस आपल्या घरात माझ्यानंतर झाला नव्हता.

मी म्हणालो, मग माझा होकार समज. त्यावर त्याने विचारलं, तिच्या आईंना विचारलंत का?

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. तूही नाहीस. मी उठलो आणि लॉजवर येऊन हे पत्र लिहायला बसलो.

तेव्हा विचारतो, तुला हा मुलगा चालेल का? उत्तर मला नको, त्यालाच लिही. पत्ता मागच्या बाजूला आहे.

घरच्यांना आशीर्वाद. लोभ ठेव.

तुझा दादा