बोनटवरची जागा

३ फेब्रु., सोम.
डोकं फिरलं आहे. आज पट्टी बदलताना पाह्यलं, जमनाच्या पोटरीचं तळहाताएवढं कातडं निघालं. डॉक्टर मले विचारते, स्टोव्ह फुटला का घरी? म्हटलं, नाही, ट्रकच्या बोनटवर बसली होती. तो हसला. हसाले काय झालं लेकाच्याले?

परवा केळापूरच्या देवीले गेलतो, फौजीची पूजा कराले. फौजी म्हणजे माझा ट्रक. मिलिटरीनं लिलावात काढलेला, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. रिटायर झाल्यावर हौसेनं घेतला. पण कोण्या अकलेच्या कांद्यानं बनवला काय माहीत, इंजिन पुढे नाही, कॅबिनच्या मधात. इकडे डायव्हर, तिकडे एक सीट, अन् बीचमध्ये इंजिनावर लोखंडी बोनट. सीटवर माझा थोरला भाऊ, तुळशीराम दादा बसला. बोनटवर पोतं टाकून जमना. पोतं सरकलं असन.

तीस वर्षं खाणीत डंपर चालवला, कोणाले खरचटू दिलं नाही. अन् घरच्याच बाईले भाजलं.

५ फेब्रु., बुध.
फौजी घाटंजीले हमीदभाईच्या गॅरेजवर लावला. बोनट खोललं. आतून मिलिटरीचा नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा जाड थर होता, अर्धा जळला, अर्ध्यात उंदराचं घर. एवढी वर्षं फौजेनं ह्याच्यात माणसं कशी नेली? हमीदभाई म्हणे, जवान तक्रार करत नाही, भाऊ.

मी म्हटलं, एखादी चांगली शीट लाव अन् मोकळा कर. त्यानं पाना खाली ठेवला. म्हणे, गरमी अलग चीज, आवाज अलग चीज, दोनो का इलाज एक नहीं. गरमीले हलकं अन् फुगीर लागते, आवाजाले जड लागते. अन् सगळ्यात पहिले खालच्या फटी बुजवा लागते, आवाज तिथूनच येते. मले घाई होती. एवढं ऐकून घ्याची तयारी नव्हती. बाजूच्या पार्टवाल्यानं तं एका मिनिटात सांगतलं होतं की एकाच शीटमध्ये सगळं होते. मी त्याचंच ऐकलं.

संध्याकाळी दादा घरी आला. पट्टी पाह्यली. "मांग बसाले पाह्यजे होतं तिनं," म्हणे, अन् चहा मागितला. मांगच, हौद्यात, बसून राह्यली होती ती. मीच पुढे बोलावली. पूजेची गाडी, घरची लक्ष्मी पुढे पाह्यजे, असं माझंच शहाणपण. दादाले हे बोललो नाही. चहा दिला.

९ फेब्रु., रवि.
वणी. खाणीकडच्या रोडवर भंगारवाल्यांची लाईन आहे, तिथे सगळं भेटते. पहिल्या दुकानदारानं ॲस्बेस्टॉसची शीट काढली. जुना माल आहे, असा आता भेटत नाही, म्हणे. भेटत नाही ते बरंच आहे ना बावा. बॉयलरपाशी काम केलेला माझा एक जोडीदार खोकून खोकून गेला, मी त्याले खांदा दिला आहे. सगळ्या दुकानासमोर त्याले झापला. तो म्हणे, तुमच्या गाडीले थोडीच खोकला होते. हात उचलला असता.

दुसऱ्याकडे काचेचा कापूस. हातात घेऊन पाह्यला अन् आत्तापर्यंत खाजवून राह्यलो. शेवटी डांबराची जाड शीट घेतली, मांगून चिकट असते ती. जड आहे, तं आवाज बसलाच पाह्यजे.

जमनाले विचारलं, दुखते का? म्हणे नाही. आठ दिवस झाले, एका कुशीवर झोपते अन् म्हणे नाही.

१२ फेब्रु., बुध.
शीट वितळली. घरून पारव्यापर्यंत पण गेलो नाही, तं डांबराचे थेंब सायलेन्सरच्या पाइपावर. कॅबिनभर धूर, रोड नवा केल्यासारखा वास. डोळे चोळत परत आलो. आंगणात गाडी लावली तं जमनानं घराचं दार लावून घेतलं.

हमीदभाईनं बोनट उघडून पाह्यलं. खरवडणी दिली हातात. दिवसभर खरवडलं. "मी सांगतलं होतं" असं त्यानं म्हटलं असतं तं बरं झालं असतं, भांडाले तरी भेटलं असतं.

१८ फेब्रु., मंगळ.
आज गोष्ट जमली. सुचलं कसं नाही पहिले? घरात छतापर्यंत कापूस भरला आहे. मायबाप आम्हाले थंडीत ह्याच कापसाच्या गादीवर झोपवत. जे थंडी अडवते ते गरमी बी अडवन. घाटंजीच्या गादीवाल्याकडे नेला, पिंजून घेतला, रेक्झिनमध्ये भरून बोनटच्या मापाची गादी शिवली. आतून एक, वरतून एक. काय दिसून राह्यलं बोनट. नवरदेवाले बसवा असं.

दादानं वर बसून, झुलून पाह्यलं, पास केलं. "आता बसन ती आरामात," म्हणे.

जमना तुरीच्या शेंगा सोलत होती. बोलावलं, पाहाले तरी ये. म्हणे, इथूनच दिसते.

१९ फेब्रु., बुध.
आग.

मोठी नाही. पण आगच. डिझेलची बारीक नळी टिपकते हे मले माहीत होतं, हमीदभाईनं दोनदा सांगतलं होतं. आतल्या गादीनं डिझेल पिऊन घेतलं अन् आतल्या आत धुपत राह्यली. जाळ नाही, काही नाही, निस्ता वास. बोनट उघडलं तं भपकन. सात-आठ वर्षांचा होतो तेव्हापासून मी कापसाच्या घरात झोपलो. कापूस वरतून थंड दिसते अन् पोटात जळत राह्यते, हे तांड्यातलं शेंबडं पोट्टं सांगन. तरी बी मी कापूस भरला. इंजिनावर.

माती टाकून विझवली. वायरिंग वाचलं, नशीब.

मंग गादीवाल्याकडे जाऊन तोंड सोडलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "कापूस तुमचा, डोकं तुमचं," म्हणे. "म्या फक्त टाके मारले."

सगळ्या घाटंजीत आज मीच एक मूर्ख निघालो.

२३ फेब्रु., रवि.
बेबीचा फोन, नागपूरहून. आईशी बोलली, मंग मले द्याले लावला. मले वाटलं जखमेचं विचारन. मी सुरू झालो, नमदा, डांबर, फटी, सगळं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मंग म्हणे, "बाबा, आई बोनटवर बसलीच काहून?"

मी फोन ठेवला. पोरीनं बापाले असं विचारावं? सीटवर दादा होता. थोरला माणूस. त्याले काय मांग बसवू पोत्यासारखा? नागपुरात राहून हे सगळं विसरली ती.



४ मार्च, मंगळ.
आज सगळं लिहून ठेवतो, कारण आज दोन गोष्टी झाल्या.

पहिली. हमीदभाईचं ऐकलं. त्यानं म्हटलं तसंच्या तसं केलं. पहिले डिझेलची नळी बदलली. मंग बोनटच्या खालून चारही बाजूनं रबराची जाड पट्टी, फट राह्यलीच नाही. सायलेन्सरच्या पाइपाले न जळणारा पट्टा गुंडाळला. बोनटच्या आतून भट्टीले लावते ती पांढरी लोकर, डांबराच्या पहिलेच घेतली असती तं बरं होतं. तिच्यावर ॲल्युमिनियमची पन्नी, इंजिनाकडे तोंड करून. हात लावताना तोंडाले फडकं बांधा लागते अन् कुठंच उघडी ठेवाची नाही. वरतून कॅबिनच्या अंगानं जड रबर, खाणीत कोळसा वाहते त्या पट्ट्याचं. पांढरकवड्यापर्यंत चालवून आणला. गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवलं, बोनटवर हात ठेवला अन् शंभर मोजले. कोमट. हमीदभाई सीटवर बसून हळू आवाजात काहीतरी बोलला, अन् मले ऐकू आलं! माझ्या ह्या डंपरनं खाल्लेल्या कानाले ऐकू आलं. म्हणे, भाऊ, अब तो घर जाओ.

दुसरी. घरी आलो, नाचतच आलो म्हणा. जमनाले म्हटलं, चाल, आता बोनटवर झोपली तरी चालन. तिनं हातातलं टोपलं खाली ठेवलं. महिनाभरात पहिल्यांदा ती ह्या विषयावर बोलली.

पोतं सरकलंच नव्हतं. पोतं जागेवर होतं. बोनटवर बसलं की पाय सीटकडेच येते, अन् सीटवर दादाचे गुडघे. थोरल्या दिराच्या अंगाले पाय कसा लागू देईन ती? म्हणून तिनं पाय आवळून बोनटच्या पत्र्याले चिकटवून धरला. केळापूरवरून घराच्या फाट्यापर्यंत. भाजत होतं ते समजत होतं तिले. पण दादाच्या समोर ओरडाव कसं?

"मी हाक मारली होती," म्हणे. "दोनदा."

मले आठवलं. आरशात तिचे ओठ हालताना दिसले होते. मले वाटलं देवीचं काही म्हणून राह्यली. मी मान हालवली. हसलो बी होतो.

मी काहीतरी बोलाव म्हणून म्हटलं, आता तसं होणार नाही, आता पत्रा तापतच नाही, पाय चिकटवला तरी.

तिनं माझ्याकडे पाह्यलं. "एवढं थंड झालं असन," म्हणे, "तं थोरल्यायले बसवा त्याच्यावर."

अन् टोपलं घेऊन आत गेली.

५ मार्च, बुध.
राग कोणाचा येऊन राह्यला हेच समजत नाही. काल रात्रीपर्यंत वाटत होतं जमनाचा. मंग दादाचा. गुडघे आवळून बसला असता तं काय झिजला असता? पण त्याले तरी काय माहीत. त्याले कोणं सांगतलं?

तिले पुढे बोलावणारा मी. सीट दादाले देणारा मी. हसणारा मी. इथंच थांबतो.

९ मार्च, रवि.
जमनाच्या याडीचा, म्हणजे मायचा, निरोप आला, धुळवड झाली की घेऊन या पोरीले, डोळ्यानं पाहू द्या. म्हातारी आता नव्वदीच्या पुढे. वणीच्या अलीकडे त्यायचा तांडा. फौजीनंच जाऊ म्हटलं. जमना ऐकून आत गेली.

दादा ओट्यावर बसला होता. त्यानं ऐकलं. म्हणे मी बी येतो, आता गाडी मस्त झाली. बोनटवर थाप मारली त्यानं, माझ्या पाठीवर मारावी तशी.

आत भांडं आपटल्याचा आवाज आला. मी "हाव" म्हटलं. काहून म्हटलं? बासष्ट वर्षांचा झालो, दादासमोर तोंडातून दुसरा शब्दच निघत नाही.

१६ मार्च, रवि.
सकाळचे आठ. वही स्टेअरिंगवर ठेवून लिहून राह्यलो.

जमना पहिले चढली. मी हात दिला तो घेतला नाही. गाठोडं मांग टाकलं, फिरली, अन् सीटवर बसली. पदर नाकापर्यंत ओढला, दोन्ही पाय सरळ समोर ठेवले. एका पोटरीवर कातडं अजून गुलाबी आहे.  समोरच्या काचेतून पाहून राह्यली.

दादा घरून निघाला. पांढरं धोतर, हातात काठी, हळूहळू येऊन राह्यला. त्याले तिथून सीट दिसत नसन. दिसन थोड्या वेळात.

महिनाभर मी बोनटले काय लावायचं ते ठरवलं. नमदा, डांबर, कापूस, लोकर, रबर. दादाले काय म्हणायचं, ते एक दिवस बी ठरवलं नाही.

इंजिन चालू आहे, तरी जमनाचा श्वास ऐकू येते मले.

दादा माझ्या बाजूच्या दाराशी आला. त्यानं काठी माझ्याकडे दिली अन् हात वर केला, मी ओढून घ्यावं म्हणून.