गाळलेल्या तीन ओळी

यवतमाळ,
१३ ऑक्टोबर २०२५

ती. धनीकाकीस,
रंजिताचा नमस्कार.

हे पत्र तुझी नात अंजू तुला वाचून दाखवेल. अंजू, मध्येच रडू आलं तर थांब, पाणी पी, पण एकही ओळ सोडू नकोस.

काकी, तुझे गुडघे कसे आहेत? कापूस वेचायला जाऊ नकोस म्हटलं तर तू थोडीच ऐकणार! मी यवतमाळातच आहे. कॉलेजात माझा सत्कार झाला. ज्या देशांत लढाया आणि जुलमी राजवटी संपल्या, तिथे जाऊन मी नाहीशा झालेल्या माणसांच्या आयांचे जबाब लिहून घेते, त्यावर पुस्तकं लिहिते, म्हणून शाल मिळाली. भाषणात मी म्हणाले, न्याय मिळो न मिळो, खरं कळण्याचा हक्क आईला आहे. टाळ्या पडल्या. बाहेर आपल्या तांड्याकडे येणारी बोरी अरबची एसटी उभी होती. मी चढले नाही.

एवढं लिहून तासभर नुसती बसून होते.

एकोणीस वर्षांपूर्वी तुझ्या लेकाला, प्रेमला, पोलिसांनी चोरीच्या संशयावरून बाजारातून नेलं. तिसऱ्या दिवशी ठाण्याचा साहेब कागद घेऊन तांड्यावर, आमच्या अंगणात आला. वाचता येणारी मी एकटी, दहावीतली, आणि तांड्याचे नायक माझे बापू. नायकाच्या अंगणात खोटं बोलायचं नाही ही आपली रीत, म्हणून तू काही विचारलंही नाहीस. मी वाचलं, ‘प्रेम सापडत नाही, पोलीस शोध घेतील.’ तू अंगठा दिलास.

कागदावर पुढे आणखी तीन ओळी होत्या. प्रेमला पोलिसांनी नेलंच नव्हतं, तो घरी भांडून निघून गेला, आमची कोणावर तक्रार नाही. तिथे मी अडखळले, तेव्हा बापू हळूच म्हणाले, “तेवढं सोडून वाच, पोरी. नाहीतर बाकीच्या पोरायले बी नेतीन थे.”

मी सोडलं. प्रेम पहिल्याच दिवशी कोठडीत मारहाणीत गेला, हे बापूंनी मला त्याच आठवड्यात सांगितलं. जूनमध्ये मला यवतमाळच्या वसतिगृहात जागा मिळाली, ती त्याच साहेबाच्या शब्दावर. माझं सगळं शिक्षण तिथून सुरू झालं.

दर दिवाळीला आपण विस्तवावर तूप-भात टाकून गेलेल्यांची नावं घेतो. तू प्रेमचं नाव घेत नाहीस, तो परत येईल म्हणून त्याचं ताट झाकून ठेवतेस. ते ताट बघून मी परत जायचे आणि परक्या आयांना विचारायचे, तुमच्यापासून काय लपवलं गेलं? तेव्हा पोर होते, घाबरले. नंतर भीती नव्हती काकी, मला माझं नाव प्यारं होतं. याची मला लाज वाटते.

सोबत माझं प्रतिज्ञापत्र आहे. त्यात बापूंचं नाव आहे, माझंही आहे. कोर्टात द्यायचं की चुलीत घालायचं, ते तू ठरव. बापूंना काल फोनवर सांगितलं. ते म्हणाले, “धनीच्या घरापुढून मान वर करून कधी गेलो नाही मी.”

पुढच्या आठवड्यात दिवाळी. या वेळी ताट झाकू नकोस, विस्तवापाशी प्रेमचं नाव घे. बोलावलंस तर येईन. नाही बोलावलंस तर तेही बरोबरच आहे.

या कागदावर तुझा अंगठा लागत नाही. सही माझी आहे.

तुझ्यासमोर खोटं वाचलेली,
रंजिता